सुखनगरची सून

एक होता राजा, आणि त्याला होती एकच लेक. गोदा तिचं नाव. नंद्या, पाय आत घे आधी पांघरुणात, मग पुढं सांगते. हं. तर ही गोदा मोठी बडबडी. सकाळी डोळे उघडले की जी सुरू व्हायची, ती झोप लागेपर्यंत. पाय दुखला तर सांगायची, कावळ्यानं भाकरी पळवली तर सांगायची, स्वप्नात पडून गुडघा फुटला तर तेही रडून सांगायची. तिची आई, सोनाई राणी, म्हणायची, "अगं बये, जरा श्वास तरी घे!" पण ऐकायची हं सगळं. भाजी निवडता निवडता ऐकायची, वेणी घालता घालता ऐकायची, आणि मध्ये मध्ये म्हणायची, "हं, मग?"

मग गोदा झाली लग्नाची. स्थळ आलं लांबून. डोंगर ओलांडले, नदी ओलांडली, की एक नगर लागायचं. सुखनगर. तिथला राजा तरुण, देखणा, सदा हसरा. त्याच्या नगरात म्हणे कधी कुणी रडलेलं ऐकलं नव्हतं. ना भांडण, ना तंटा, ना कुरकुर. झालं! सगळे म्हणाले, लेक द्यावी तर अशा घरी. अरे, पण ज्या गावात कुणीच रडत नाही तिथं काहीतरी गडबड असणार, एवढं साधं कळू नये? नाही कळलं. लग्नाच्या घाईत भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते.

वैशाखात लग्न लागलं. गोदा रडत रडत पालखीत बसली. सगळ्याच लेकी रडतात, त्यात काय! पण पालखी सुखनगरच्या वेशीतून आत शिरली मात्र, आणि काय झालं, गोदा काहीतरी बोलायला गेली तर शब्द बाहेरच येईना. ओठापर्यंत आला, आणि उलटा फिरला. घशातून खाली, पोटातून खाली, थेट डाव्या पायात जाऊन बसला. पाय गार पडला. गोदानं पैंजण सरकवून बघितलं, तर करंगळीचा झाला होता दगड.

त्या नगराला तसा शापच होता. कुणी दिला, कशाला दिला, ते मला विचारू नका. मला नाही माहीत. पण तिथं सुखाचा शब्द तेवढा तोंडातून बाहेर पडायचा. 'छान' म्हणा, 'मजेत' म्हणा, 'वा वा' म्हणा, खुशाल म्हणा. दुःखाचा शब्द मात्र बाहेर पडायचा नाही. तो पायात उतरायचा आणि दगड होऊन बसायचा. लिहायला जावं तर कागद कोराच्या कोरा.

गावात जागोजागी दगडी बायका उभ्या होत्या. गोदाला आधी वाटलं, कुणी चांगल्या कारागिरानं घडवल्यात. एकीच्या डोक्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली. एकीच्या हातावर लोक धुणं वाळत घालायचे. मग एक दिवस तिनं जवळ जाऊन बघितलं. एकीच्या नाकात खरी नथ होती. मोत्यांची.  तिनं दासीला विचारलं, "या कोण गं?" दासी हसून म्हणाली, "या सुना. किती शांत आहेत ना? छान!"

आता तुम्ही म्हणाल, नवरा वाईट होता का? मारायचा का? छे! बोट लावलं नाही त्यानं. उपाशी ठेवलं नाही. पण एकदा त्यानं गोदाच्या डोळ्यात पाणी बघितलं, आणि जेवता जेवता ताटावरून उठला. म्हणाला, "हे काय? आमच्याकडे हे असलं नसतं." आणि तिला वरच्या माडीवर नेऊन ठेवलं. "हसायला आलं की खाली ये," म्हणाला. बाहेरून कडी घातली. पुन्हा काही वर आला नाही. हसायला कुठून येणार तिला? तुम्हाला कोंडून घातलं आणि म्हटलं हसा, तर हसाल का?

गोदा रोज गिळायची. आईची आठवण आली, गिळली. भीती वाटली, गिळली. श्रावण आला तेव्हा डावं पाऊल सगळं दगडाचं झालं होतं, आणि उजव्याची बोटं गार पडायला लागली होती. तिला कळून चुकलं, आता माहेराहून कुणी न्यायला आलं तरच आपण वाचू. पण कळवायचं कसं? तोंड बंद, कागद कोरा.

मग तिनं काय केलं? रोज पूजेला फुलं यायची. त्यातलं एक फूल मागे राहून सुकून गेलं होतं. गोदानं ते हातात घेतलं. पाकळ्या काळ्या पडलेल्या, मान मोडलेली. आणि तिच्या मनात आलं, अगोबाई, ही तर मीच की! मग तिनं एक परडी घेतली, त्यात तेवढं एकच फूल ठेवलं, आणि दासीच्या हाती, पंचमीची भेट म्हणून माहेरी पाठवलं. वेशीवर पहारेकरी होते. त्यांनी परडी उघडून बघितली, उलटी केली, झटकली. फूलच आहे म्हणाले, जाऊ दे. वस्तूला कुठं तोंड असतं? तिला कोण अडवणार? वेशीबाहेर सणाची भेट न्यायला माहेरची माणसं उभी होती, ती परडी घेऊन गेली.

नंद्या, सांग बघू, लेकीनं सुकलेलं फूल पाठवलं, म्हणजे काय?

"पाणी घालायला विसरले."

शहाणाच आहेस! तिच्या माहेरीही सगळे तुझ्यासारखेच शहाणे होते. त्यांच्याकडे एक रीत होती, बरं का. आपल्याकडेही आहे. शेजारणीकडून वाटी आली तर ती रिकामी परत करायची नाही. साखर घाला, गूळ घाला, निदान चार शेंगदाणे तरी घाला. पाटलीणबाईंची वाटी बघ, अजून आपल्या फळीवर पडून आहे, घालायला काही सुचेना म्हणून. तशी ती परडी तिथं पोचली. पाच सवाष्णी जमल्या. परडीला हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी म्हणालं, "वाटेत सुकलं बिचारं. आपण ताजी घालू." झालं. जाई, जुई, मोगरा, सोनचाफा, परडी काठोकाठ भरली आणि आली परत.

गोदा खिडकीत बसून वाट बघत होती. वाटलं, बाबा येतील, आई येईल. आली परडी. तिनं हावरटासारखी सगळी फुलं बाहेर काढली. खाली काही निरोप असेल, काही खूण असेल. तळापर्यंत हात घातला. तळाला फुलंच होती. तिनं परडी बाजूला सारली. "आई गं" म्हणायला गेली, तेही घोट्यात जाऊन बसलं.

मग आला दसरा. आता गोदा गुडघ्यापर्यंत दगड झाली होती. भिंतीला धरून सरकायची, चालता येईना. तिनं विचार केला, फूल नाही समजलं, आता जरा उघड सांगू. माडीत एक जुना पिंजरा पडला होता. तिनं हातातली एक बांगडी काढली. हिरवा चुडा, लग्नातला. ती पिंजऱ्यात ठेवली. पिंजऱ्याचं दार लावलं, आणि वरून शालूच्या दशीनं गच्च बांधून टाकलं. सोनं म्हणून पाठवला माहेरी.

वैजू, तू का उठून बसलीस?

"आजी, बांगडी म्हणजे ती स्वतःच ना? तिला कोंडलंय!"

बाई गं! बघा, चौथीतल्या पोरीला कळलं. राजवाड्यात एवढे पंडित पोसलेले, सकाळ-संध्याकाळ तूपभात खाणारे. एकजण म्हणाला, पिंजरा म्हणजे भरभक्कम घर. दुसरा म्हणाला, बांगडी म्हणजे सौभाग्य. भक्कम घरात सौभाग्य, वा! टाळ्या पिटल्या मेल्यांनी. प्रत्येक वस्तूचा अर्थ त्यांच्याकडे आधीच ठरवून ठेवलेला, मग ती कुणी पाठवली, का पाठवली, कशाला बघतील? आणि सोनाई राणी काय म्हणाली? ती म्हणाली, "पिंजरा रिकामा कसा पाठवायचा? पोरीला करमत नसेल. एक पोपट घाला."

पोपट घातला. भोवती डझनभर सोन्याच्या बांगड्या घातल्या. आणि आईनं त्या पोपटाला स्वतः पढवलं, मोठ्या मायेनं, एक वाक्य. पिंजरा माडीवर आला. गोदा बघते तो काय, पोपट मान वाकडी करतो आणि थेट आईच्या आवाजात म्हणतो, "गोदा, मजेत ना?"

गोदानं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. 'नाही' पायात गेलं. पोपट पुन्हा म्हणाला, "गोदा, मजेत ना?" तिनं काय उत्तर दिलं माहीत आहे? "मजेत." तेवढंच बाहेर पडत होतं ना! रोज सकाळी तो विचारायचा, रोज ती म्हणायची, मजेत. रडू फुटायचं आणि तोंडातून निघायचं मजेत. असं नशीब वैऱ्याच्या लेकीलाही येऊ नये.

नंद्या, रडतोयस का? नाही? मग नाक पूस ते, माझ्या पदराला नको.

संक्रांत आली. गोदा कमरेपर्यंत दगड. एका जागी उभी, खिडकीशी. दासी भरवायची तेवढं खायची. तिच्याकडे माहेरची एक समई होती, आईनं लग्नात दिलेली. गोदानं दासीला समई लावायला सांगितली आणि मग पुन्हा तेल घालू दिलं नाही. समई जळत राहिली. तेल संपलं. वात जळली, काळी झाली, धूर निघाला, विझली. गोदा बघत होती. तिच्या मनात आलं, आता हे नाही कळलं तर पुढं पाठवायला माझ्याकडे काही नाही. तशीच काजळलेली समई तिनं संक्रांतीच्या वाणात माहेरी पाठवली.

आणि वाट बघत राहिली. या वेळी तेल येईल, असं तिला वाटलं. चांदीच्या डब्यात, सुवासिक. पण तेलही आलं नाही. तिळगूळ आला नाही. हलव्याचे दागिने आले नाहीत. समई परतच आली नाही. दिवस गेले. गोदा म्हणाली मनात, बरोबर आहे. कंटाळले असतील. किती दिवस भरून भरून पाठवतील? लेक म्हणजे परक्याचं धन. आणि मग तिनं वाट बघायचंही सोडून दिलं. आता गिळायलासुद्धा शब्द येईनात. दगड आपला आपणच चढत होता. पोट, छाती, खांदे. दासी मनाशी म्हणत होती, शांत होत चालली, छान. तुळशीसाठी नवी कुंडी बघायला हवी.

मग एके दिवशी दुपारी माडीची कडी वाजली. दार उघडलं. दारात सोनाई राणी.

गोदाची नजर कुठं गेली असेल? आईच्या तोंडाकडे नाही गेली. हाताकडे गेली. सवयच लागली होती ना तिला, माहेराहून काय भरून आलंय ते बघायची. आईच्या हातात ना परडी होती, ना डबा, ना ताट. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणतात, अगदी भिकारीणसुद्धा चिमूटभर साखर बांधून नेते. आणि ही एवढी राणी रिकामी आली होती. तिनं दोन्ही हात पुढं केले, असे, पसरून. 

वैजू, गप! मला माहीत आहे तुला कळलंय. गोदालाही कळलं. आई द्यायला आलेली नाही. आई न्यायला आलीय.

सोनाईनं लेकीला मिठी मारली. ती लागली थंडगार. राणी "पोरी" म्हणायला गेली, तर तिच्याच पायाचं बोट गार पडलं. पण ती खमकी होती. तिला लगेच उमगलं, इथं रडून भागणार नाही. ओठ मिटले, पदरानं तोंड पुसलं, आणि तशीच खाली जावयाकडे गेली. हसत हसत गेली. म्हणाली, "जावईबापू, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आहे. लेकीला चार दिवस नेते म्हणते."

हसरा राजा म्हणाला, "न्या की! छान!" आणि पुन्हा सोंगट्या खेळायला लागला. कधी परत आणाल, एवढंही विचारलं नाही.

बघा. एवढं सोपं होतं ते. लढाई नको, घोडा नको, मंत्र नको, तंत्र नको. कुणीतरी यायचं आणि नेते म्हणायचं. श्रावणात कुणी आलं असतं तर पोर आपल्या पायांनी जिना उतरून गेली असती. मला या गोष्टीत याचाच संताप येतो. जळ्ळी ती फुलं आणि जळ्ळा तो पोपट!

मग चार गड्यांनी गोदाला उचललं. गणपतीची मूर्ती नेतात तशी जपून जिन्यावरून खाली आणली, बैलगाडीत पेंढा घातला, त्यावर आडवी ठेवली. आई उशाशी बसली. गाडी निघाली. रस्त्याच्या कडेला त्या दगडी बायका. गोदाला मान वळवता येत नव्हती, पण डोळे वळत होते. ती प्रत्येकीकडे बघत गेली.

गाडी वेशीबाहेर पडली आणि आधी आईला कंठ फुटला. म्हणाली, "गोदे, समई आली. बायका जमल्या. मी तेलाची बुधली घेतली, समईत ओतणार, आणि माझा हात थांबला. म्हटलं, राजाच्या घरी तेलाचा तोटा आहे का? मग ही कोरडी समई माझ्याकडे कशाला पाठवली? हिला तेल नकोय. मग फुलं तरी हवी होती का? सुखनगरात बागा काय कमी? मग पोपट तरी...? गोदे, मी तिथंच खाली बसले. बुधली कलंडली, सगळं तेल फरशीवर. बायका म्हणाल्या, तेल सांडलं, अपशकुन झाला, आज जाऊ नका. मी कुणाचं ऐकलं नाही. नेसत्या लुगड्यानिशी आले."

मग गोदा बोलली. पहिला शब्द फुटला, आणि मानेवरचा दगडाचा एक टवका उडून पेंढ्यात पडला. दुसरा शब्द, दुसरा टवका. मग धरणच फुटलं. ती रडत होती आणि बोलत होती. छातीतलं बोलली, छाती मोकळी झाली. त्या काजळलेल्या समईजवळ उभं राहून काय काय वाटलं ते बोलली, कंबर मोकळी झाली. पोपटाला मजेत म्हणताना काय वाटायचं ते बोलली, तेव्हा तर आई ऐकता ऐकता गाडीच्या दांडीवर कपाळ आपटायला लागली. पण "रडू नको" म्हणाली नाही हं. "झालं गेलं विसर" म्हणाली नाही. नुसती म्हणत होती, "हं, मग?" नदी गेली, डोंगर गेले. गोदा बोलतच होती. गुडघे मोकळे झाले, मांडी घालून बसली. उजवं पाऊल मोकळं झालं.

राहिलं डावं पाऊल.

आई म्हणाली, "हं, मग? त्याच्या आधी काय झालं?" गोदानं तोंड उघडलं. आठवेना. ते सगळ्यात आधीचं दुःख होतं. अगदी पहिल्या दिवसांतलं. वरून इतकी दुःखं गिळली होती, की खालचं कुठलं होतं तेच विसरून गेली. त्याचे शब्दच राहिले नव्हते तिच्यापाशी. आईनं विचारलं, "सासू काही बोलली होती का?" "नाही." "भूक लागली होती का?" "नाही गं." "मग मी काही केलं होतं का?" गोदानं त्या दगडी पावलावरून हात फिरवला. म्हणाली, "आई, खरंच आठवत नाही."

आणि बाकीच्या ना, वैजू? त्या नथवाल्या? त्या तिथंच राहिल्या. त्यांना न्यायला कुणी आलं नाही. काय सांगू मी तुला दुसरं? खोटं सांगू?

तर अशी गोदा माहेरी आली. राजानं पुन्हा तिला सासरी धाडली नाही. पंडितांना दुसरी कामं लावून दिली, लाकडं फोडायची वगैरे. गोदा खाऊनपिऊन सुखी होती, पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली, फक्त डावा पाय ओढत चालायची. सोनाई रोज संध्याकाळी तो दगडी पाय मांडीवर घ्यायची, कोमट तेल लावून चोळायची, आणि विचारायची, "आज काही आठवलं का गं?" गोदा म्हणायची, "नाही." मग आई म्हणायची, "असू दे. उद्या विचारीन." ती म्हातारी झाली, हात थरथरायला लागले, तरी विचारायची. त्यांचं जसं झालं तसं झालं, तुमचं चांगलं होवो.

चला, संपली गोष्ट. नंद्या, डोळे मिट. वैजू, तूही. आणि कुणाला रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या. मी जागी आहे.